डोंगर चढून उभी केलेली खोली

"म्हंजी डोंगर तू चढणार," शेजारीण म्हणाली, "अन् पैशे पुण्याचे लोक देणार. कावून? डोंगर त्यांचा हाय का?"

ती आमच्या ओट्यावर बसून लसूण सोलत होती. मी भूगोलात एम. ए. झालेली, केजच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारी बाई, आणि तिच्या प्रश्नाला सरळ उत्तर काही मला देता येईना.

"त्यांना बरं वाटतं," मी म्हणाले.

"चढल्यानं?"

"दिल्यानं."

"मंग न चढता द्या म्हणावं. तुझा जीव वाचंल."

आई आतून हसली. मला राग आला. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी. त्याचा मला अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. माझ्या शिक्षणाचा गावाला काही उपयोग व्हायची ही पहिलीच वेळ होती, आणि ही बाई लसूण सोलता सोलता त्याची टर उडवत होती.

डोंगराची कल्पना माझ्या पुण्याच्या मैत्रिणीची. विद्यापीठाच्या हॉस्टेलात आम्ही एका खोलीत राहिलो. ती पुढं कंपनीत लागली. तिच्या ऑफिसातले लोक दरवर्षी एखादा डोंगर चढतात. जो तो आपल्या नातेवाइकांना, ओळखीच्यांना सांगतो, मी चढतोय, तुम्ही पैसे द्या, आणि जमलेले पैसे एखाद्या कामाला देतात. त्या वर्षी तिनं फोन करून विचारलं, "तुमच्या गावाला काय पाहिजे?" मला विचार करायची गरज पडली नाही. खोली पाहिजे, मी म्हणाले. पोरींसाठी खोली.

आमचं गाव नांदूरघाटहून थोडं आत. दिवाळी आली की निम्मं गाव ट्रकात बसून ऊसतोडीला जातं आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परत येतं. बारकी पोरं म्हाताऱ्यांजवळ राहतात. पण पोरगी वयात आली की आईबाप तिला बरोबर नेतात. रिकाम्या घरात मोठी पोरगी कुणी ठेवत नाही. मग ती साखर कारखान्यावर कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, स्वयंपाक करते, धाकट्यांना सांभाळते, आणि शाळा तिथंच संपते. माझी सुटली नाही, कारण माझी आजी जिवंत होती.

शेजारणीची थोरली पोरगी तेव्हा दहावीत होती. तिलाही नववीपर्यंत आजी होती. उन्हाळ्यात ती म्हातारी वारली. तिचं तेरावं झालं आणि पोरीचा बाप सगळ्यांसमोर म्हणाला, "आता हिलाबी न्यावं लागतंय." पोरगी ताटं घासत होती, तिनं मान वर केली नाही. गणितात ती चांगली होती. माझ्यापेक्षा नक्कीच चांगली.

मी म्हणाले, आमच्या घरी ठेवा तिला, आई आहे की. बाप खाली बघून बोलला, "ताई, राग मानू नका. तुमच्या घरात तरणा पोरगा हाय." तरणा पोरगा म्हणजे माझा भाऊ. केज ते नांदूरघाट जीप चालवतो. तो तिथंच होता. "मी जीपमधी झोपत जाईन की, काका," तो म्हणाला. त्याचं कुणी मनावर घेतलं नाही.

शाळेच्या मागं दोन खोल्या पडून होत्या. पत्रे उडालेले, दारं गेलेली. मोठी खोली नीट केली, संडासाला दार लावलं, लाईट घेतली, खाटा आणल्या, तर गावातल्या आठवी-नववी-दहावीच्या सगळ्या पोरी तिथं राहू शकल्या असत्या. हे मी दोन उन्हाळे बोलत होते. आणि दर वेळी बायका एकच विचारायच्या, "पोरींजवळ झोपणार कोण?"

या वेळी आई म्हणाली, "मी झोपते. माझं काय, हितं झोपले काय अन् तिथं काय."

एवढ्यावर सगळं जुळलं. सरपंचाचं बोलणं, माझी भाषणं, पेपरातली कात्रणं, कशाचाच उपयोग झाला नव्हता. आई झोपते म्हणाली आणि शेजारणीचा नवरा म्हणाला, "मावशी झोपत आसतील तर पोरगी ठिवतो. खोली तेवढी ट्रक यायच्या आत करा."

डोंगर मी निवडला. कळसूबाई. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर म्हणून वर्गात मी ते शिकवते, आणि प्रत्यक्षात ते कधी पाहिलं नव्हतं.

सगळं पुण्याच्या लोकांच्या जिवावर नको, गावानंही थोडं द्यावं, म्हणून मी घरोघर फिरले. बायकांनी ऐकून घेतलं. वर काय हाय, विचारलं. मी सांगितलं, छोटं देऊळ आहे, कळसूबाईचं. तिथंच माझं बोलणं हातातून गेलं. दुसऱ्या दिवसापासून घरी नारळ यायला लागले. खण, तांदूळ, हळदीकुंकवाच्या पुड्या. ज्या बाईनं नारळ दिला तिनं नारळाखाली दुमडून नोटही दिली, पण तिच्या लेखी ती नोट खोलीसाठी नव्हती, देवीपुढं ठेवायची होती.

"अगं, हे देवाचं काम नाही," मी म्हणत होते. "ही पोरींच्या शाळेसाठीची मोहीम आहे."

"मंग देवी पोरींची न्हाई का?" एक म्हातारी म्हणाली.

नारळ घ्यायचं मी कबूल केलं. पण एका संध्याकाळी शेजारीण आपली ओटी घेऊन आली, मी हात पुढं केला, आणि तिनं ताट मागं घेतलं.

"तुझ्या हाती कशी देऊ? तू आजून लग्नाची हायस."

ओटी भरायची ती सवाष्णीनं. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण माझ्या ओट्यावर, माझ्या मोहिमेसाठी, मला कुणी असं म्हणेल हे डोक्यात आलं नव्हतं. मी एकोणतीस वर्षांची, दोन पदव्या घेतलेली, आणि एका नारळाला हात लावायला नालायक. मी फटकन बोलले, "मग तूच चढ डोंगर."

"मी कशी येऊ? सोयाबीन काढायचंय."

"मी नेते," आई म्हणाली. ती चुलीपुढं बसली होती आणि तव्यावरची भाकरी उलटत होती. "सगळ्यांच्या ओट्या मी नेते. तुझ्या बापाला आजून काय झालं न्हाई, मी सवाष्णच हाय." वडील खाटेवर पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली घेऊन बघितलं आणि पुन्हा वर धरला.

मी नको म्हणाले. वय, गुडघे, पाऊस, सगळं सांगितलं. आई म्हणाली, "डोक्यावर मोळी घिऊन फळीवरून ट्रकात चढले जल्मभर. तुझ्या डोंगरावर तर मोळीबी न्हाई."

खरं बोलायचं तर तिला जायचंच होतं. ऊस तोडायला ती निम्मा महाराष्ट्र फिरली, पण नुसतं बघायला म्हणून ती कुठं गेली नव्हती. मला हे तेव्हाही कळत होतं, म्हणून मी फार ताणलं नाही.

कमी पडलेले नारळ मी केजच्या स्टँडवरच्या फळवाल्या चाचांकडून घेतले. कॉलेजात असल्यापासून मी त्यांच्याकडून केळी घेते. कशाला एवढे नारळ, त्यांनी विचारलं. मी सांगितलं.

"पहाड तुम चढो, पैसे मैं देऊं?" ते म्हणाले. "ये तो भोत अच्छा धंदा हाय, मॅडम. मैं उद्यापासून ठेला बंद करके चढताच."

हसून झाल्यावर त्यांनी नारळाचे पैसे घेतले नाहीत. वर खजुराचं एक पाकीट दिलं. "अम्मा को देना. वर भूख लगती."

घट बसले होते, म्हणून आईच्या पायात चप्पल नव्हती. नवरात्राचे नऊ दिवस ती घालत नाही. मी बूट घे म्हणाले, तर तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी पुन्हा विषय काढला नाही. पहाटे भावाची जीप निघाली तेव्हा शेजारणीची पोरगी रस्त्यापर्यंत आली. नारळाची पोती तिनंच उचलून आत ठेवली.

"ताई, मी येऊ का?"

तिची आई मागून ओरडली, "अन् सोयाबीन काढायला कोण येईल, तुझी आज्जी?"

बोलून गेली आणि तिनं पदर तोंडाशी नेला. भावानं गाडी चालू केली.

जिच्या शाळेसाठी आम्ही निघालो होतो ती रस्त्यावर उभी राहिली. सोयाबीन दोन दिवस थांबलं असतं. जीपमध्ये जागा होती. हे आता सुचतं.

डोंगराखाली पुण्याची मंडळी भेटली. एका रंगाचे टी-शर्ट, हातात काठ्या, पाठीला पाण्याच्या नळ्या लावलेल्या पिशव्या. आईनं त्या नळ्यांकडं पाहून मला हळूच विचारलं, "ह्यांना सलाईन लावलंय का?" मैत्रिणीनं ऐकलं आणि ती रस्ताभर हसत राहिली. नारळ सगळ्यांच्या पिशव्यांत वाटून दिले. ते इंजिनियर लोक आमच्या गावातल्या बायकांचे नारळ पाठीवर घेऊन चढले, कुरकूर न करता. त्यांचं हे मला आवडलं.

आई चांगली चढली. सगळ्यांच्या पुढं वगैरे नाही. बसत, उठत, खजूर खात, येणाऱ्या-जाणाऱ्या बायकांना "कुठल्या गं तुमी?" विचारत. पावसाची भुरभूर होती. कड्याला लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत. पहिल्या शिडीवर ती मधेच थांबली, एका हातानं दांडा धरला, दुसऱ्या हातात खणांची पिशवी, आणि वर बघून म्हणाली, "हे बांधणाराच्या घरी दूधदही राहू दे." लुगड्याचा काष्टा, ओले अनवाणी पाय, मागं नुसतं धुकं. मैत्रिणीनं फोटो काढला आणि तिथंच बसून ऑफिसच्या ग्रुपवर पाठवून दिला. खाली लिहिलं, या काकू पोरींच्या खोलीसाठी चढतायत.

आम्ही वर पोचायच्या आत तिचा फोन वाजायला लागला. तोपर्यंत जे जमलं होतं त्याच्याहून कितीतरी जास्त त्या एका फोटोनं आलं. कुणाकुणाच्या ऑफिसात तो फिरला. अमेरिकेतून कुणी लिहिलं. मैत्रीण माझ्या गळ्यात पडून म्हणाली, "झाली गं तुझी खोली." मी आईला सांगितलं. तिला फोटोतून पैसे कसे येतात ते कळलं नाही. ती म्हणाली, "माझे पाय किती काळे दिसतात गं ह्याच्यात."

वर देऊळ एवढंसं. एका वेळी दोघं-तिघं मावतील असं. नवरात्रामुळं रांग होती. आई आत बसली आणि एकेक खण काढून ओटी भरायला लागली. प्रत्येक ओटीला त्या त्या बाईचं नाव, मग नवऱ्याचं नाव, मग ज्या पोरीसाठी बोलली असेल त्या पोरीचं नाव. रांग थांबली. मागून एक पोरगा म्हणाला, "काकू, आवरा ना! आम्हाला उतरायचंय."

"उतर की मंग," आई न वळता म्हणाली. "देवीनं तुला धरलंय का?"

शेजारणीच्या पोरीचं नाव तिनं शेवटी घेतलं. जरा मोठ्यानं घेतलं. मी दाराशी होते. मी काही देवभोळी नाही, पण तेव्हा मी हात जोडले.

धुकं इतकं होतं की दहा पावलांवरचं माणूस दिसत नव्हतं. आईनं चारी बाजूंनी फिरून बघितलं. "ह्या बाजूला बीड का?" तिनं विचारलं. मी भूगोलवाली, मी बोट दाखवलं. ती तिकडं बघत राहिली.

शिड्या उतरून झाल्या होत्या. अवघड असं काही उरलं नव्हतं. पायवाटेवर एक सपाट दगड, त्याच्यावर पातळ शेवाळ. मी पुढं होते, मागं तिचा आवाज आला, ओरडण्याचासुद्धा नाही, "अय्या" असा. वळून बघितलं तर ती बसलेली. मला वाटलं दमून बसली. मी हात दिला. ती उठेना.

डोंगराखालच्या गावातल्या पोरांनी घोंगडी आणि बांबू आणून झोळी केली. आई त्यांना झोळीतून सांगत होती, "हळू रे बाबांनो, घसरतंय तिथं." खुब्याचं हाड मोडलं होतं. ऑपरेशन बीडला सरकारी योजनेतून झालं, आत रॉड टाकला. हाड धरेपर्यंत पायावर भार टाकायचा नाही, डॉक्टरांनी सांगितलं. आईनं त्यांना एवढंच विचारलं, "दिवाळीपर्यंत धरंल का?" ते हसले. त्यांना वाटलं, आज्जीला फराळ करायचा आहे.

खोली झाली. मी पळून पळून करून घेतली. पत्रे बसले, दारं लागली, संडासाला आतून कडी लागली. खाटा आल्या. भिंतीला मी स्वतः पिवळा रंग निवडला. शेजारणीची पोरगी रोज शाळा सुटल्यावर येऊन उभी राहायची. माझ्या आईला ती आज्जी म्हणायची. दाराजवळची खाट आज्जीची, तिच्याशेजारची माझी, असं तिनं ठरवून टाकलं होतं. खिडकीत दप्तर कुठं ठेवायचं ते तिनं मला दाखवलं.

आई घरी खाटेवर पडून होती.

ट्रक यायच्या आदल्या आठवड्यात पोरींचे आईबाप खोलीपुढं जमले. खोली सगळ्यांना आवडली. संडासाची कडी सगळ्यांनी लावून बघितली. मग शेजारणीच्या नवऱ्यानं विचारलं, "पण पोरींजवळ झोपणार कोण?"

मी केजच्या एका बाईचं नाव सांगितलं. वसतिगृहात काम केलेली, पगारावर येणारी. "वळखीची न्हाई," बायका म्हणाल्या. मी म्हणाले, मग मी झोपते. मग एक माणूस म्हणाला, "तुमी सकाळी कॉलेजला जाणार, ताई. अन् तुमीबी लग्नाच्याच. तुमच्याजवळ कुणी झोपावं मंग?" लोक हसले. वाईट मनानं नाही हसले. पण हसले.

तेव्हा शेजारणीची पोरगी बोलली. बापाच्या मागं उभी होती.

"आज्जीचीच खाट हितं आणा ना. आज्जी नुसती पडून राहील. तिचं सगळं मी करते."

"गप बस," तिची आई म्हणाली.

मी तिला जवळ घेतलं आणि समजावलं, अगदी शिक्षिकेसारखं. म्हणाले, तू इथं शिकायला राहणार का आजारी माणसाचं करायला? दहावीचं वर्ष आहे. घरी येऊन आईला सांगितलं, तर आई भिंतीकडं तोंड करून म्हणाली, "परक्याच्या पोरीकडून मी भांडं देऊन घेऊ का आता? अन् लोक काय म्हणतील, लेकीनं आईला शाळेच्या खोलीत नेऊन टाकली." भाऊ म्हणाला, बरोबर आहे. वडिलांनी मान हलवली. मलाही ते बरोबरच वाटलं. आजारी माणूस आपल्या घरात असतं, आपल्या माणसांत असतं. आमच्या घरात असं कुणी कधी केलं नव्हतं. दुसरं काही आम्हाला त्या दिवशी दिसलंच नाही.

ट्रक आला. पत्र्याच्या पेट्या, चुलीचं सामान, शेळ्या, कोंबड्या, पोरं. शेजारणीची पोरगी पुस्तकांची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "परीक्षेला येते, ताई," ती म्हणाली. "हॉल तिकीट तेवढं घिऊन ठिवा."

मी घेऊन ठेवलं. परीक्षेच्या आधी चार वेळा फोन केला. कारखाना चालू होता, ऊस उभा होता, धाकटा भाऊ तापानं पडला होता. आज निघतो, उद्या निघतो, बाप म्हणत राहिला. ते आले तेव्हा शेवटचा पेपर होऊन गेला होता. पोरगी काळवंडली होती आणि उंच झाली होती. पुस्तकांची पिशवी तशीच परत आली, तिच्यात पाचटाचा भुगा होता.

जूनमध्ये शाळेत ये म्हणाले, तर ती म्हणाली, "बारक्या पोरींत बसायला लाज वाटती, ताई." सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बस म्हणाले. "बघू," म्हणाली.

खोली ते वर्षभर बंद राहिली. मैत्रीण फोनवर विचारायची, पोरी कशा आहेत? त्यांचे फोटो पाठव ना, सगळे विचारतात. मी खोलीचा फोटो पाठवला. रिकाम्या खाटांचा. तिनं तो कुणाला दाखवला की नाही, मी विचारलं नाही.

पुढच्या दसऱ्याच्या आधी आई वॉकर घेऊन ओट्यापर्यंत यायला लागली होती, त्याच्यापुढं नाही. एका सकाळी चहा पिताना म्हणाली, "मला त्या खोलीत नेऊन टाका."

"काय?"

"झोपायचंच हाय ना मला? मंग तिथं झोपते. हितं झोपले काय अन् तिथं काय."

हे तिचंच वाक्य होतं, पहिल्या दिवशीचं. तिला कुणी उभं राहायला, चालायला, स्वयंपाक करायला सांगितलंच नव्हतं. गावाला फक्त ती रात्री तिथं झोपलेली पाहिजे होती. पोरींजवळ म्हातारं माणूस आहे, एवढंच. आणि मोडलेल्या खुब्यानं ती वर्षभर झोपलेलीच होती, शंभर पावलं अलीकडं.

कपातला चहा तिनं तसाच ठेवला. थोड्या वेळानं म्हणाली, "गेल्या साली ती पोरगी हेच म्हणली व्हती." दुपारी ती जेवली नाही.

भावानं खाट जीपच्या टपावर घालून नेली. लोकांनी काही म्हटलं नाही. म्हणजे, म्हटलं असेल दोन दिवस. त्या वर्षी खोली भरली. संध्याकाळी पोरी आईभोवती बसून अभ्यास करतात, आणि ती त्यांना डोंगराची गोष्ट सांगते. वरून बीडपर्यंत दिसतं, असं सांगते. बीडच्या वेशीसुद्धा दिसतात.

खोली चालू होऊन हे आता तिसरं वर्ष. परवा ट्रक निघाले तेव्हा शेजारणीची थोरली धाकट्या बहिणीला सोडायला खोलीत आली. धाकटी आता आठवीत आहे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, एकटं माणूस म्हणजे अर्धा कोयता. थोरली आता बापाच्या टोळीत अर्धा कोयता आहे. तिच्या तळहाताला घट्टे पडलेत. तिनं बहिणीची वळकटी दाराजवळच्या खाटेशेजारी टाकली. दप्तर खिडकीत ठेवलं, तीन वर्षांपूर्वी मला दाखवलं होतं त्याच कोपऱ्यात. आईचे पाय दाबले. आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "ताई, एक इचारू? आज्जी म्हणती वरून बीड दिसतं. खरं हाय का?"

"धुकं होतं," मी म्हणाले. "काहीच दिसलं नाही."

"मला वाटलंच." ती थोडं हसली. "आज्जीला सांगू नगा, मी इचारलं म्हणून."

मी म्हणाले, पुढच्या साली मी तुला नेते. दिवाळीनंतर आभाळ साफ असतं, सगळं दिसतं. बोलल्यावर लक्षात आलं, दिवाळीनंतर ती इथं नसते. तिच्याही लक्षात आलं असणार. "बघू," ती म्हणाली.

ट्रकनं हॉर्न दिला. मुकादम ओरडला, "ये पोरी, चल लवकर!" ती पळत गेली, फाळक्याला धरून एका झटक्यात वर चढली आणि आईबापाच्या मधे बसली. ट्रक रस्त्याला लागेपर्यंत मी बघत राहिले.

आत आले तर आई उशीवरून मान उचलून दाराकडं बघत होती.

"गेली का गं?"

"गेली."

"मंग दार लोटून घे," ती म्हणाली, आणि भिंतीकडं वळली. "धाकटीला गणिताचं पुस्तक काढायला सांग."